पोपसाहेबांच्या नावावर बांधलेली ढोलकी

माझं पोपसाहेबांशी भांडण होतं. त्यांना त्याची खबर नव्हती, पण माझ्या बाजूने ते नेमाने चालू होतं. दर रविवारी मिस्सेत, म्हणजे आमच्या उपासनेत, त्यांच्यासाठी प्रार्थना आली की सगळं चर्च 'हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक' म्हणायचं आणि मी ओठ घट्ट मिटून पुढच्या बाकाचे खिळे बघत बसायचो. कारण साधं होतं. रोममध्ये बसून त्यांनी देवळाली कॅम्पातल्या माझ्या बापाची ढोलकी बंद केली होती. निदान आम्हाला तसं सांगितलं गेलं होतं.

माझे वडील मिलिटरीच्या मेसमध्ये मसालची होते. मसालची म्हणजे साहेबलोकांच्या पंगती उठल्या की मागे राहिलेली पातेली घासणारा. आम्ही मूळचे नगरकडचे. आजोबांच्या काळात सगळी वस्ती कॅथलिक झाली, पण भजन काही सुटलं नाही. फक्त त्यातला देव बदलला. वडील सोबत एक ट्रंक आणि एक ढोलकी घेऊन कॅम्पात आले. ट्रंक लवकरच गंजली. ढोलकी टिकली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लॅटिन जाऊन मराठी मिस्सा नुकती रुळत होती. आमचे तेव्हाचे फादर युरोपातले, पांढऱ्या दाढीचे, मराठी बोलताना 'ळ' ला घाबरणारे. पण कान पक्का होता त्यांचा. आमच्या चाळीत आजाऱ्याला प्रसाद द्यायला आले असताना त्यांनी वडिलांची ढोलकी ऐकली आणि दारातच म्हणाले, "रविवारी हे घेऊन ये. वेदीच्या डाव्या बाजूला बस."

त्या रविवारी माझा बाप वेदीच्या डाव्या बाजूला बसला. पातेली घासून पांढुरकी पडलेली त्याची बोटं ढोलकीवर पडली आणि मागच्या बाकांवरच्या आमच्या बायका न सांगता सुरात उभ्या राहिल्या. पुढच्या बाकांवर मात्र हालचाल झाली. तिथे ऑफिसर, हेडक्लार्क, शिक्षक, कोट घालून येणारी मंडळी बसायची. लिलावात चुकीच्या मालावर बोली लागली की लोक एकमेकांकडे बघतात, तसं ते बघत होते. पण फादरांपुढे कोण बोलणार?

काही महिने असे मजेत गेले. मग एका ईस्टरला वडील आपल्या जागेवर गेले तर ढोलकी नव्हती. ती फादरांच्या वस्त्रांच्या खोलीत असायची, तिथेही दिसेना. फादर आजारी पडून शहरात गेले होते, मिस्सा द्यायला बाहेरचे कोणी पाहुणे फादर आले होते. मिस्सा संपल्यावर फाटकापाशी चर्च कमिटीचे सेक्रेटरी उभे होते. सरकारी ऑफिसातले हेडक्लार्क, ऐन उन्हातही कोटाचं वरचं बटण लावलेले. त्यांनी वडिलांना बाजूला घेतलं.

"तुमची ढोलकी आता वाजणार नाही. पोपसाहेबांचा नियम आहे. मी सांभाळून ठेवली आहे."

"बरं," वडील म्हणाले.

एवढंच! बरं! मी शेजारी उभा होतो. तेव्हा मिसरूड फुटलेलं होतं आणि डोकं त्याहून आधीच तापायला शिकलेलं होतं. मी काही बोलणार तोच वडिलांनी माझा दंड धरला. घरी आल्यावर मी ताट आपटलं, पोपसाहेबांना चार शब्द सुनावले. वडिलांनी आयुष्यात एकदाच माझ्यावर हात उगारला, तो तेव्हा.

"त्यांचं नाव असं घेयाचं नाय या घरात," ते म्हणाले. "त्यांनी सांगितलं ना? मग झालं. आपल्याला काय कळतं?"

पुढे फादर आपल्या देशात गेले ते परतले नाहीत. नवे फादर आले, बदलले, पुन्हा नवे आले. त्यातले एकदोघे मराठीत कच्चे होते. पेटीवर चार गाणी झाली की त्यांना पुरे वाटायचं. वडील मागच्या बाकावर जाऊन बसले. गाणं चालू झालं की त्यांची बोटं मांडीवर हलायची. ती बोटं मी दर रविवारी बघायचो आणि माझं भांडण ताजं व्हायचं.

दरम्यान मी धंद्याला लागलो. मिलिटरीचा कंडम माल लिलावात निघायचा: तंबू, लोखंडी खाटा, घडीच्या खुर्च्या, कंदील, बँडची फुटकी वाद्यं. तो उचलायचा, दुरुस्त करायचा आणि बाजारात विकायचा. मी सुरुवात दुसऱ्याच्या दुकानात तंबू शिवण्यापासून केली आणि नंतर त्याच गल्लीत स्वतःची पाटी लावली. कोणाच्या ओळखीवर नाही, फक्त तोंडावर. लिलावात माझा आवाज आला की नामपूर-देवळ्याकडून कांद्याच्या चाळींसाठी ताडपत्री न्यायला आलेले व्यापारीसुद्धा मागे सरकायचे, असं ते स्वतःच सांगत.

धंद्याने मला एक गोष्ट शिकवली. कोणी म्हणाला, "हा एकच भाव आहे, वरून ठरलाय," की भावावर भांडत बसायचं नाही. विचारायचं, वरून म्हणजे कोणाकडून? तुला कोणी सांगितलं? त्याला कोणी? असं मागे मागे जायचं. बहुतेक वेळा 'वरून' म्हणजे शेजारच्या गल्लीतून निघतं. मुंबईहून आलेला म्हणून एकाने मला विकू पाहिलेला कॅनव्हास मी असाच तीन दुकानं मागे जाऊन माझ्याच जुन्या मालकाच्या गोदामात पकडला होता. तरी इतकी वर्षं ढोलकीच्या बाबतीत हे मला सुचलं नाही. समोर पोपसाहेब होते ना! त्यांच्या मागे कुठे जाणार?

मग ऐंशीच्या दशकात तो हिवाळा आला. पोपसाहेब भारतात येणार, मुंबईला येणार, पुण्याला येणार, अशी बातमी होती. मधल्या काळात पोपसाहेब बदलले होते, पण आमच्या घरात हुकूम जुनाच चालू होता. आमच्या चर्चमध्ये दुसरा विषय नव्हता. कोण बसने जाणार, कोण रेल्वेने, डबे कोणी न्यायचे. त्याच हंगामात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा नाशिकरोडचा, कारखान्यात फिटर. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागण्याआधी लग्न उरकायचं होतं, कारण उपवासकाळात आमच्यात लग्नं लागत नाहीत.

लग्नाच्या बोलण्यात बहिणीने एकच मागणी केली.

"मी चर्चमध्ये शिरेन तेव्हा बाबांची ढोलकी वाजली पाहिजे. मला बाकी काही नको."

"बँड लाव," वडील म्हणाले. "तुझ्या भावाकडं फुटकी बिगुलं लय पडल्यात."

"बाबा, मी चेष्टा करत नाहीये."

"मी तरी कुठं करतोय? ती वाजनार नाय. पोपसाहेबांचा हुकूम हाय. आन आता ते इतक्या लांबून आपल्याकडं येत्यात, त्याच टायमाला मी त्यांचा हुकूम मोडू व्हय?"

वडिलांचे तेव्हा सांधे धरायला लागले होते. सकाळी मूठ उघडायला त्यांना गरम पाणी लागायचं. बहिणीला ते दिसत होतं, मलाही. आणखी दोन हिवाळ्यांनी ढोलकी मिळाली असती तरी ती वाजवणारा हात राहिला नसता.

बहीण माझ्याकडे वळली. "आणि तू रे दादा? लिलावात मेजरसाहेबांना गप्प करतोस म्हणून चारचौघांत सांगत फिरतोस. ते काय फक्त खाटांपुरतंच?"

हे मला लागलं. मी चप्पल घातली आणि सरळ फादरांच्या बंगल्यावर गेलो.

तेव्हाचे फादर वसईकडचे, तरुण, नव्यानेच आलेले. ते अंगणात सायकलचं पंक्चर काढत बसले होते. मी नमस्कार न करताच सुरू केलं.

"फादर, पोपसाहेब चुकत नाहीत हे खरं का?"

त्यांनी ट्यूब बादलीतल्या पाण्यात बुडवली. "कशात?"

"कशात म्हणजे? सगळ्यात!"

"सगळ्यात कोणी सांगितलं तुम्हाला? उद्या पाऊस पडेल म्हणाले तर छत्री घेऊन निघाल का?" बुडबुडे दिसले तिथे त्यांनी बोट ठेवलं. "ते माणूस आहेत. तेही पापं कबूल करायला कन्फेशनला जातात, आपल्यासारखेच गुडघे टेकून."

पोपसाहेब कन्फेशनला जातात! मी सायकलशेजारी जमिनीवरच बसलो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग ते नीट बोलू लागले. पोपसाहेब जेव्हा सगळ्या ख्रिस्तसभेचे गुरू म्हणून, पेत्राच्या, म्हणजे पहिल्या पोपच्या आसनावरून, श्रद्धेची किंवा नीतीची एखादी गोष्ट 'ही सर्वांनी कायमची मानायची' असं ठरवून जाहीर करतात, तेव्हा पवित्र आत्मा त्यांना चुकू देत नाही, असं आपण मानतो. तसं ते क्वचित करतात. पिढ्याच्या पिढ्या जातात. आणि तेव्हाही मनाचं नवं काही काढत नाहीत. प्रेषितांपासून चालत आलेलं आहे तेच स्पष्ट करून सांगतात.

"म्हणजे ते मालाचे मालक नाहीत," मी म्हणालो. "राखणदार आहेत."

फादरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "हे छान सांगितलंत."

"आणि तो एकच भाव. तिथे घासाघीस नाही. बाकी सगळं?"

"थांबा, थांबा! बाकी सगळं म्हणजे रद्दी नव्हे. ते रोज शिकवतात, त्यालाही मान द्यायचा, मन आणि बुद्धी लावून ऐकायचं. मला पटत नाही म्हणून उडवून लावायचं नाही. पण त्याचं वजन वेगवेगळं असतं. आणि शिस्तीचे नियम आणखी वेगळे. तेही पाळायचे, पण ते बदलू शकतात. लॅटिन नाही का गेली?"

"आणि ढोलकी?"

"कुठली ढोलकी?"

मी सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढला असावा, कारण स्वयंपाकीणबाई बाहेर येऊन बघून गेल्या. फादर सायकल विसरले.

"वाद्यं हा शिस्तीचा विषय," ते हळूहळू म्हणाले. "आणि पोपसाहेब आणि सगळे बिशप मिळून तर म्हणालेत की लोकांच्या आपापल्या संगीताला मान द्या. ढोलकीवर बंदी मी कुठे वाचली नाही, ऐकली नाही. पण जुन्या फादरांनी स्वतः आणलेली ढोलकी त्यांच्याच काळात बंद झाली असेल तर काहीतरी कारण असणार. मी इथे नवा आहे. बिशपस्वामींच्या कानावर घालतो. रविवारी मिस्सेनंतर कमिटी बसते, तुम्ही या. आणि आवाज जरा..."

"जरा काय?"

"जरा लिलावाबाहेरचा."

तिथून घरापर्यंत मी चाललो नाही, पळालोच म्हणायचं. इतकी वर्षं मला वाटत होतं की वरपासून खालपर्यंत सगळा एकच भाव आहे: पोप, बिशप, फादर, सेक्रेटरी, सगळ्यांचा शब्द एकाच वजनाचा. आता कळलं की वजनं वेगवेगळी आहेत, आणि ती कोणीतरी कधीच ठरवून ठेवली आहेत, माझ्या बापाच्याही आधी, माझ्या आजोबांच्याही आधी! इतकं चोख काम बघून मला त्या आसनाबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. खरा राग आता योग्य पत्त्यावर गेला. सेक्रेटरींच्या.

रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही चर्चच्या मागच्या खोलीत बसलो. फादर चहाचा कप घेऊन टेबलाच्या टोकाला. सेक्रेटरी समोर, आता ऑफिसातून रिटायर झालेले, केस पांढरे, कोटाचं बटण तसंच. कमिटीची आणखी काही मंडळी. वडील आले नव्हते. माझ्यासोबत बहीण आली होती आणि न विचारता खुर्ची ओढून बसली होती.

"साहेब," मी सेक्रेटरींना म्हणालो, "ढोलकी कोणी बंद केली?"

"पोपसाहेबांनी. मी तेव्हाच तुमच्या वडिलांना कळवलं होतं."

"तुम्हाला ते पोपसाहेबांनी सांगितलं?"

कोणीतरी हसलं. सेक्रेटरींचे कान लाल झाले. "मस्करी नको. जुन्या फादरांनी सांगितलं."

"कुठे?"

"आत, वस्त्रांच्या खोलीत."

"काय शब्द होते?"

"मला तोंडपाठ आहेत," ते म्हणाले, आणि खरंच डोळे मिटून त्यांनी सांगितलं. "ढोलकी बांधून वर ठेव. आता वाद्यं वाजायची नाहीत. सगळ्या जगात हाच नियम आहे, रोमपासून इथपर्यंत. मी सांगेन तेव्हाच सोड."

"मग त्यांनी सोडायला कधी सांगितलं?"

"नाही सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या छातीत कळ आली. मीच गाडी बोलावली. नाशिकच्या इस्पितळातून मुंबईला नेलं आणि तिथून त्यांच्या देशात."

"दुसरा दिवस म्हणजे कुठला?"

"उत्तम शुक्रवार. क्रूसाच्या वाटेची प्रार्थना अर्धी झाली होती."

"म्हणजे ढोलकी बांधली..."

"गुरुवारी. पवित्र गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्सेच्या वेळी."

ताडपत्रीचा कुजका ढीग उपसताना खाली एकदम कोरा करकरीत कॅनव्हास हाताला लागावा, तसं मला झालं. मी फादरांकडे बघितलं. त्यांचा कप ओठांपाशी थांबला होता. त्यांनाही लागला होता तो कॅनव्हास!

जो कॅथलिक नाही त्याला सांगायला हवं. उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे; त्याच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी मिस्सेत गौरवगीत होतं आणि त्यानंतर घंटा थांबते, वाद्यं थांबतात. प्रभूच्या मरणाचा शोक म्हणून. घंटेऐवजी लाकडी टकटकी वाजवतात. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणात पुन्हा गौरवगीत येतं तेव्हा सगळं एकदम सुरू होतं. हे आम्हा सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक. सगळ्यांना!

"साहेब," मी म्हणालो, आणि माझा आवाज इतका हळू आला की बहिणीने दचकून बघितलं, "त्या गुरुवारी घंटा थांबली होती का?"

"अर्थात. थांबतेच."

"कोणाच्या नियमाने?"

"ख्रिस्तसभेच्या."

"रोमपासून इथपर्यंत?"

"हो."

"पेटी?"

"पेटीसुद्धा."

"मग ईस्टरला घंटा वाजली. पेटी वाजली. त्यांना सोडायला कोणी सांगितलं? जुने फादर तर इस्पितळात होते."

फादरांना आधी हसू फुटलं, एकदम, चहा सांडण्याइतकं. मग सेक्रेटरींचा चेहरा बघून ते थांबले.

मी मात्र थांबलो नाही. मी उभा राहिलो. "घंटा सोडली, पेटी सोडली, आणि माझ्या बापाची ढोलकी तेवढी बांधून ठेवलीत! तीन दिवसांचं मौन होतं ते! तुम्हाला कळलं नाही असं सांगू नका. पुढच्या बाकांना ती नकोच होती!"

"दादा, बस," बहीण म्हणाली.

"नाही बसत!"

"मलाही नको होती," सेक्रेटरी म्हणाले. ते माझ्याकडे नाही, टेबलाकडे बघत होते. "खोटं बोलत नाही. मला ती चर्चमध्ये शोभत नाही असं वाटायचं. फादरांनी बांधायला सांगितली तेव्हा मला आनंद झाला. त्यामुळे मी... घंटेचा विचारच केला नाही. मला वाटलं, ढोलकीचा हुकूम वेगळा. ते म्हणाले होते, मी सांगेन तेव्हाच सोड. मी वाट बघत होतो."

ते उठून आत गेले. कपाटावरून त्यांनी एक गाठोडं काढलं. मिलिटरीच्या करड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं, वर सुतळीची घट्ट गाठ. टेबलावर ठेवताच डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. "उंदीर लागू नयेत म्हणून घडीत गोळ्या घालतो, संपल्या की पुन्हा," ते म्हणाले. "गाठ मात्र सोडली नाही."

आता मला सांगा, अशा माणसाशी भांडायचं कसं? इतकी वर्षं सांभाळलेला माझा राग, ऐन लिलावात आपल्याच हाताने पाडावा लागला! मला त्याचाही राग आला. आजही येतो.

घरी जाताना बहीण ढोलकीचं गाठोडं बाळासारखं छातीशी धरून चालत होती आणि मी पुढे पळत होतो. वडील ओट्यावर बसले होते. मी सगळं एका दमात सांगून टाकलं: पंक्चर, आसन, कन्फेशन, गुरुवार, घंटा. मला वाटलं ते उडी मारतील. ते गाठोड्याकडे बघत राहिले.

"म्हंजी पोपसाहेबांनी नव्हतं सांगितलं."

"नव्हतं! कधीच नव्हतं! तुम्ही उगाच गप्प बसलात, बाबा. एवढी वर्षं फुकट गेली!"

"फुकट?" त्यांनी मान हलवली. "मी त्यांचंच ऐकलं. त्यांनी सांगितलं का नाय, ते त्यांच्याकडं. ऐकलं ते माझ्याकडं. ते कसं फुकट जाईल?"

"हा काय व्यवहार झाला?"

"व्यवहार तू कर बाजारात." मग त्यांनी बहिणीकडून गाठोडं घेऊन मांडीवर ठेवलं. "वाईट वाटतं रं," ते म्हणाले. "नाय असं नाय. वाजवली असती लय." त्यांनी एकदा गाठीवरून अंगठा फिरवला आणि हात मागे घेतला. "सेक्रेटरीसायबांना बोलाव. त्यांनी बांधली, त्यांनीच सोडू दे."

"चर्चमध्ये सगळ्यांसमोर माफी मागायला लावतो मी त्यांना. पुढच्या बाकांसमोर!"

"माफीनं कातडं ताणतंय व्हय ढोलकीचं? गप बस."

सेक्रेटरी त्याच संध्याकाळी आमच्या घरी पहिल्यांदा आले. मी त्यांना कंडम मालातली सगळ्यात डगमगती खुर्ची दिली. त्यांनी गाठ सोडायला नखं लावली. सुतळी इतकी आवळली होती की सुटेना. बहीण कात्री घेऊन आली तर वडील म्हणाले, "राहू दे, सावकाश." दोघे म्हातारे त्या गाठीवर वाकून बसले होते. ब्लँकेट उलगडलं. खोड शाबूत होतं, कड्या शाबूत. एका बाजूचं कातडं मात्र कडेने फाटलं होतं.

मी दुसऱ्याच दिवशी बसने जुन्या नाशकात गेलो, वाद्यं मढवणाऱ्याकडे. त्याने लग्नसराई आहे, वेळ लागेल, असं सुरू केलं. मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं घासाघीस न करता मान डोलावली. तो इतका घाबरला की काम लगेच हातात घेतलं. बिशपस्वामींचा निरोपही तोवर फादरांकडे आला: वाजवा, आणि चांगली वाजवा.

पण वडिलांची बोटं! घरी ते रोज सकाळी गरम पाण्यात हात बुडवून बसायचे आणि मग ढोलकीवर ठेवायचे. डावा हात घुमायचा. उजव्याची दोन बोटं लाकडासारखी आपटायची. ते पुन्हा पाण्यात हात घालायचे. लग्नाच्या आदल्या दिवशी मी बहिणीला म्हणालो, पेटीवाल्याला सांगून ठेवू का? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दुकानात निघून गेलो.

लग्नाच्या सकाळी वडील वेदीच्या डाव्या बाजूला बसले. चर्च भरलेलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी पहिल्या बाकाकडे हात केला. "सायेब, या इकडं." सेक्रेटरी गोंधळून उठले. वडिलांनी त्यांना शेजारी सतरंजीवर बसवलं, कोटासकट, आणि त्यांच्या हातात झांज दिली! माझी झांज! बँडच्या लिलावात खास निवडून बाजूला ठेवलेली!

बहीण दारात आली. वडिलांनी ढोलकीवर थाप टाकली. पहिली नीट पडली. दुसरी पडली. मग उजवा हात अडखळला, पुन्हा अडखळला आणि थांबला. बहीण दारातच उभी. मला वाटलं, संपलं. इतकं सगळं करून संपलं.

आणि त्या शांततेत सेक्रेटरी झांज वाजवायला लागले. बेताल! असा बेताल माणूस मी जन्मात बघितला नाही. छन... छनछन... मध्येच एक छन. त्यांचे डोळे घट्ट मिटलेले आणि कपाळावर घाम. वडिलांनी त्यांच्याकडे बघितलं आणि ते हसले, मोठ्याने, वेदीपाशी. मग त्यांनी मानेने ताल दाखवायला सुरुवात केली. "हां... आता... नाय, थांबा... आता!" त्यांना शिकवता शिकवता आपल्या बोटांचं काय झालं हे ते विसरलेच. डावा हात घुमला, उजवा त्यावर बसला, दोन बोटं कडक होती तर उरलेल्यांनी त्यांचं काम केलं. मागच्या बाकांवरच्या बायका उभ्या राहिल्या. मग मधले बाक. मग पुढचे, नाइलाजाने म्हणा किंवा कशाने म्हणा. बहीण रडत आणि हसत आत आली आणि नवरा मुलगा तिच्याऐवजी ढोलकीकडेच बघत उभा.

नंतर प्रार्थनांची वेळ आली. आमच्या पोपसाहेबांसाठी, फादर म्हणाले. मी इतक्या जोरात उत्तर दिलं की पुढचा माणूस मागे वळला.

पुढच्या आठवड्यात सेक्रेटरी माझ्या दुकानात आले. इकडे तिकडे बघत त्यांनी विचारलं, झांजेची एखादी जोडी मिळेल का, स्वतःची हवी होती, सरावाला. मी आतून लग्नात वाजलेली तीच काढली. भाव सांगितला. चांगला खणखणीत सांगितला.

"थोडं कमी..." ते म्हणाले.

"साहेब, हा एकच भाव आहे."

"कोणी ठरवला?"

"वरून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. वडील मागे खाटेवर बसून गरम पाण्यात हात शेकत होते. "देऊन टाक रं त्यांना," ते म्हणाले. "आन सायेब, बसा. वाजवून दाखवा. आजूबाजूला सगळं कंडमच हाय, लाजू नका."

मी भाव कमी केला नाही. ते मात्र खुर्ची ओढून बसले.